रिकाम्या गाड्याचे ओझे

भरल्या गाड्यास सूप जड होत नाही, हे मराठी भाषेने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. परंतु रिकाम्या गाड्यास काय जड होते, या प्रश्नाकडे म्हणी रचणाऱ्यांनी, कोशकारांनी आणि पुढे रेल्वेच्या प्रवाशांनीही सारखेच दुर्लक्ष केले आहे. गाडा भरलेला असतो तेव्हा त्याची काळजी सगळ्या गावाला असते, कारण त्यात कोणाचे ना कोणाचे पोते असते. पोती उतरली, की गाडा कोठे गेला, बैल कोणी सोडले आणि दुसऱ्या दिवशी तोच गाडा पुन्हा दाराशी कसा येऊन उभा राहिला, याची चौकशी करण्याची रीत नाही. उपनगरी रेल्वेचा सारा डोलारा मात्र या चौकशीवरच उभा आहे. पहाटेची लोकल वेळेवर सुटली नाही तर दारात लोंबकळणारा प्रवासी रेल्वेमंत्र्यांपासून सर्वांचा उद्धार करतो, पण ती वेळेवर सुटली तर त्याआधी कोणीतरी ती काळोखात, दिवे मालवलेल्या अवस्थेत, रिकामी हाकत फलाटावर आणून लावली होती, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते.

विषयात शिरण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकमेकांना जोडलेल्या डब्यांच्या संचाला रेल्वेत रेक म्हणतात, आणि रेक व गाडी यांत देह व आत्मा यांच्याइतका भेद आहे. गाडी हा वेळापत्रकातील एक क्रमांक असतो. तो ठरलेल्या वेळी जन्मतो, ठरलेल्या स्थानकात संपतो आणि मधल्या काळात उशीर करतो. रेक म्हणजे लोखंड. गीतेत आत्मा जुने देह टाकून नवे धारण करतो, रेल्वेत मात्र देह तोच राहतो आणि दिवसभरात दहा-बारा आत्मे त्यात येऊन जातात. एक आत्मा गेला आहे आणि दुसरा अजून आलेला नाही, अशा संधिकालात असलेल्या रेकला कर्मचारी ‘एम्टी’ म्हणतात, आणि प्रस्तुत निबंधाचा विषय तीच आहे. मुख्य मार्गाला फुटलेला, ज्यावर गाडी बाजूला काढून उभी करता येते असा फाटा म्हणजे सायडिंग. रात्रीपुरती गाडी जेथे बांधून ठेवतात ती स्टेबलिंग लाइन, जिच्या नावात घोड्यांच्या पागेची आठवण अजून टिकून आहे. आणि जेथे तिची तपासणी, धुलाई व किरकोळ डागडुजी होते ते कारशेड. कोणत्या रेकने दिवसभरात कोणकोणत्या गाड्यांचे सोंग घ्यायचे, याचे जे कोष्टक असते त्याला लिंक म्हणतात. सरकारी मराठीने यांतील सायडिंग हा शब्द विशेष आपुलकीने स्वीकारला असून, एखाद्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या खात्यातून काढून अभिलेख कक्षात बसवले, की त्याला ‘सायडिंगला टाकले’ असे म्हणतात. या वाक्प्रयोगात सायडिंगवर अन्याय आहे, कारण रेक सायडिंगला जातो तो दुसऱ्या दिवशी कामावर परतण्यासाठी.

रेक रिकामा का होतो, याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते: सर्वांना एकाच वेळी एकाच दिशेला जायचे असते. सकाळी माणसे घराकडून कामाकडे आणि संध्याकाळी कामाकडून घराकडे जातात, आणि ही सवय इतकी घट्ट आहे, की तिला कोणत्याही रेल्वे प्रशासनाला मुरड घालता आलेली नाही. दहा भरलेले रेक सकाळी शहरात शिरले, की दहाही रेक शहराच्या टोकाला गोळा होतात, आणि त्यांचे काय करायचे, हा प्रश्न सुरू होतो. चर्चगेट स्थानकात फलाट चार आहेत. गर्दीच्या वेळी तेथे दर काही मिनिटांनी एक लोकल येते, त्यामुळे एखाद्या रेकने ‘थोडा वेळ टेकतो’ म्हणून फलाटावर बसकण मारली, तर त्याच्यामागे विरारपर्यंत रांग लागायला वेळ लागत नाही. म्हणून काही रेक ताबडतोब उलटे पाठवतात आणि काही कारशेडला नेतात. पश्चिम रेल्वेची अशी कारशेडे मुंबई सेंट्रल, कांदिवली व विरार येथे, तर मध्य रेल्वेची कुर्ला, कळवा व सानपाडा येथे आहेत.

उलटे पाठवणे हे काम पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. इंजिनाच्या गाडीला टोक आणि शेपूट असे दोन वेगळे भाग असल्याने शेवटच्या स्थानकात इंजिन सोडवून, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली, आणि पुढे उपनगरी मार्गांवर दोन्ही टोकांना तोंड असलेल्या विजेच्या लोकल रुळल्या. या गाडीला शेपूट नाही. शेवटच्या स्थानकात मोटरमन आपली बॅग उचलून मागच्या टोकाकडे निघतो, गार्ड पुढच्या टोकाकडे निघतो, बारा डब्यांच्या गाडीच्या कडेने दोघे सुमारे अडीचशे मीटर चालतात, आणि वाटेत एकमेकांना मान डोलावून जातात. जानेवारी २०२२ पासून रेल्वेने गार्डांना ट्रेन मॅनेजर हे पद दिले आहे. रिकामी गाडी कारशेडला नेताना या व्यवस्थापकाच्या हाताखाली एकही प्रवासी नसतो, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीने ही आदर्श स्थिती मानावी लागेल.

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी पुण्याजवळचे ताथवडे हे गाव सर्वांत योग्य आहे, कारण तेथे रेल्वे नाही. ज्या गावात रेल्वे असते तेथील अभ्यासक सव्वाआठची लोकल पकडण्यात गुंतलेला असतो आणि त्याच्या निरीक्षणात घामाचे व द्वेषाचे प्रमाण वाढते. ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याच्या एका अंगाने मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो, पलीकडे पुनावळे, अलीकडे वाकड, आणि पश्चिमेला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत. पुणे-लोणावळा लोहमार्ग पवना नदीच्या दुसऱ्या बाजूने, चिंचवड आणि आकुर्डीवरून जातो. पवनेच्या पलीकडे कारखाने, महामार्गापलीकडे संगणक, आणि मधल्या ताथवड्यात महाविद्यालये, उंच गृहसंकुले, महामार्गाखालचा तो सुप्रसिद्ध भुयारी मार्ग आणि शासनाचे वळूमाता प्रक्षेत्र, अशी ही मांडणी आहे. वळूमाता प्रक्षेत्र म्हणजे गोवंशाची पैदास व संगोपन करणारे सरकारी केंद्र. परिसरात एवढीच एक वसाहत अशी आहे, की जिच्यातील रहिवाशांना कोणत्याही पाळीला कोठेही जावे लागत नाही, आणि सकाळी नऊच्या सुमारास भुयारी मार्गापाशी उभ्या असलेल्या वाहनांच्या तुलनेत त्यांच्या चेहऱ्यावरची शांती ठळकपणे जाणवते.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरांच्या या मार्गावर शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मळवली अशी स्थानके लागतात, आणि मुंबईच्या लोकलकडे पाहण्याची सवय झालेल्या माणसाला ही सारी व्यवस्था घरगुती वाटते. मुंबईत वापरून झालेले रेक पुण्याला देण्याची प्रथा जुनी आहे. मोठ्या भावाचे शर्ट धाकट्याने घालावेत, तसा हा प्रकार. हे शर्ट घाट चढून आले. कर्जत-लोणावळा हा बोरघाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला असून त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. उपनगरी लोकल प्रवासी घेऊन हा घाट चढत नाही. मुंबईची लोकल खोपोली व कर्जतला संपते, पुण्याची लोणावळ्याला, आणि मधला घाट या दोन कुटुंबांतील अबोला जपत असतो. लोकलचा रेक या घाटात दिसला, तर तो निखालस रिकामा असतो, आणि खंडाळ्याचे धबधबे, बोगदे व दऱ्या अशा वेळी एकाही मोबाइल फोनशिवाय पार पडतात.

त्याच घाटात रिकामेपणाचा आणखी एक उपेक्षित उपासक राबत असतो. मुंबईहून वर येणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडतात, ज्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात, तेथे सुटी होतात आणि पुढच्या गाडीला ढकलण्यासाठी पुन्हा घाट उतरतात. गाडी पुण्याला पोचल्याचे श्रेय पुढच्या इंजिनाला मिळते. ज्या घरांत थोरल्या मुलाच्या परदेशी जाण्यामागे धाकट्याचे राहून गेलेले शिक्षण असते, त्या घरांतील मंडळींना बँकर इंजिनाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

पुणे-लोणावळा मार्गावर रेकच्या मोकळ्या धावण्याला दोन अडथळे आहेत. पहिला असा, की लोकल, मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या या सर्वांना येथे जाण्यायेण्याचा एकेकच रूळमार्ग वापरावा लागतो, त्यामुळे रिकाम्या रेकलाही दोन गाड्यांच्या मधली फट शोधावी लागते. या फटीला रेल्वेत पाथ म्हणतात, आणि पाथ मिळवताना रिकाम्या रेकचे स्थान लग्नाच्या पंगतीत शेवटी बसणाऱ्या यजमानासारखे असते: सर्वांचे झाल्यावर, उरले तर. दुसरा अडथळा दुपारचा. रुळांच्या देखभालीसाठी दुपारी वाहतूक थांबवावी लागते, तिला ब्लॉक म्हणतात, आणि या मार्गावर कित्येक वर्षे दुपारच्या लोकलमध्ये मोठा खंड असे. दुपारी एक ते चार या वेळेचे पुणे शहरातील सामाजिक महत्त्व लक्षात घेता रेल्वेने स्थानिक संस्कृतीशी एवढे जुळवून घेतल्याचे दुसरे उदाहरण मिळणार नाही.

असे असले, तरी या मार्गाने रिकामेपणाचा प्रश्न मुंबईहून चांगला हाताळला आहे, आणि त्याचे श्रेय रेल्वेकडे नसून कारखान्यांकडे आहे. मुंबईत कचेऱ्या एका टोकाला आणि घरे दुसऱ्या टोकाला होती. येथे पिंपरी, चिंचवड व आकुर्डी ही औद्योगिक स्थानके मार्गाच्या अधेमध्ये पडतात. त्यामुळे सकाळी तळेगाव-कामशेतहून कामगार पुण्याच्या दिशेने येतो त्याच वेळी पुण्याहून दुसरा कामगार त्याच्या उलट दिशेने येतो, आणि दोघेही चिंचवडला उतरतात. रेकला दोन्ही दिशांना माणसे मिळतात. हे कोणी योजनापूर्वक केलेले नाही, आणि म्हणूनच ते टिकले असावे.

मुंबईत रिकाम्या गाडीविषयीचे प्रेम मात्र वेगळ्या थराला पोचलेले आहे. रेल्वेने गर्दी मोजण्यासाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी संज्ञा वापरली आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतील, तर ती स्थिती या नावाने ओळखली जाते. एका चौरस मीटरमध्ये सतरंजीची एक घडी नीट बसते, हे लक्षात घेतले म्हणजे या संज्ञेतील ‘सुपर’ या शब्दाचे मोल कळते. भरल्या गाड्यास सूप जड होत नाही, या सिद्धान्ताचा रोज सकाळी साडेआठला डोंबिवलीत पुरावा मिळतो, फरक इतकाच, की सुपाला स्वतःचे मत असते. अशा स्थितीत रिकामी गाडी नुसती दिसली, तरी माणसाच्या मनात काहीतरी हलते. फलाटावर गाडी येते, डबे मोकळे, पंखे फिरत आहेत, बाके ओळीने रिकामी. तेवढ्यात ही गाडी कारशेडला जाणार असून तिच्यात कोणी बसू नये, अशी घोषणा होते. वाळवंटातील मृगजळ निदान घोषणा करून नाहीसे होत नाही.

या परिस्थितीवर मुंबईकराने ‘रिटर्न येणे’ हा उपाय शोधला. नालासोपाऱ्याचा प्रवासी सकाळी चर्चगेटला जाण्यासाठी आधी उलट दिशेने विरारला जातो, तेथे येणाऱ्या गाडीत उतरणाऱ्यांच्या आधी शिरतो आणि बसून परत नालासोपाऱ्यावरून पुढे जातो. संध्याकाळी दादरचा प्रवासी हेच कर्म छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाजूने करतो. पास तेथपर्यंतचा नसेल तर हा गुन्हा ठरतो, आणि पास असला तरी विरारच्या प्रवाशाच्या नजरेत तो गुन्हाच असतो. शास्त्रीय दृष्ट्या पाहता रिटर्न येणारा प्रवासी स्वतःच एक रिकामा रेक बनलेला असतो. इष्ट दिशेने भरून जाता यावे म्हणून अनिष्ट दिशेने मोकळे जायचे, ही रेकची नीती त्याने स्वीकारलेली असते, आणि आपल्या देहाचे शंटिंग तो रोज सकाळी स्वखर्चाने करतो. शंटिंग म्हणजे डब्यांची मागेपुढे करून केलेली जुळवाजुळव. घरात पाहुणे आल्यावर गाद्यांचे जे होते, तेच.

कळव्याने याही पुढचे पाऊल टाकले. कळवा स्थानक ठाणे आणि मुंब्रा यांच्यामध्ये असून कल्याणकडून येणाऱ्या गाड्या तेथे पोचेपर्यंत सुपर डेन्स झालेल्या असतात, आणि त्याच कळव्याच्या उशाला कारशेड आहे, जेथून सकाळी रिकाम्या लोकल ठाण्याला लागण्यासाठी बाहेर पडतात. भुकेल्याच्या घराशेजारी मिठाईचे कोठार असावे, तसे हे झाले. कळवेकरांनी सरळ कारशेडच्या बाजूने रूळ ओलांडून निघणारी लोकल गाठण्याचा परिपाठ ठेवला. फलाट नसल्याने डब्याची फरशी जमिनीवरून छातीपर्यंत येते, तिच्यावर चढण्यासाठी आधी डबा हातात, मग गुडघा पायरीवर आणि मग उरलेला माणूस, असा क्रम असतो. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांवर अनधिकृत प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि रूळ ओलांडताना जाणारे जीव पाहता हे कलम विनोदाचे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये या कारशेडमधून निघणाऱ्या साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आली. वातानुकूलित लोकलची दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे गुडघा आणि उरलेला माणूस हा क्रमच बाद झाला, आणि संतापलेले प्रवासी रुळांवर उभे राहिले. आंदोलने सहसा गाडी उशिरा आली, भरून आली किंवा आलीच नाही म्हणून होतात. रिकामी गाडी दार लावून निघाली म्हणून रुळांवर उतरण्याचा मान कळव्याकडे जातो.

मेट्रोने रिकामेपणाला धर्मविधीचे रूप दिले आहे. मेट्रोचा कोणताही मार्ग सुरू होण्याआधी त्यावर गाडी मोकळी धावावी लागते, मग प्रवाशांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या भरून धावावी लागते, आणि मग मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी संमती दिल्यावर माणसांना प्रवेश मिळतो. पुण्याच्या मेट्रोचे पहिले प्रवासी अशा प्रकारे वाळूच्या गोण्या होत, आणि त्यांच्या वर्तनाविषयी एकही तक्रार नोंदवली गेलेली नाही: त्यांनी दारात गर्दी केली नाही, जिन्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या नाहीत आणि ‘हे आमच्या वेळी नव्हते’ असे म्हटले नाही. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला तर २०१९ च्या अखेरीस नागपूर मेट्रोचे डबे ट्रेलरवर लादून रस्त्याने आणले आणि जानेवारी २०२० मध्ये संत तुकारामनगरपासून त्यांची चाचणी घेतली. गाडी रुळांवरून चालण्यापूर्वी स्वतः वाहनात बसून प्रवास करते, हे दृश्य शहराने विशेष कौतुकाने पाहिले. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा टप्पा खुला झाला, तेव्हा या मार्गाचा डेपो पुढे रेंज हिलला होता, आणि तोपर्यंतचा मार्ग जोडलेला नव्हता. त्या काळात या गाड्यांना सासर होते, माहेर नव्हते.

ताथवड्याच्या अधिक जवळची मेट्रो म्हणजे माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका. तिची लांबी सुमारे २३ किलोमीटर, स्थानकेही २३, आणि डेपो माण येथे. २०२५ मध्ये माण डेपोतून तिच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि हिंजवडीच्या नागरिकांना एक तत्त्वचिंतनपर अनुभव मिळू लागला: खाली भूमकर चौकापासून मोटारींच्या भरलेल्या रांगा तसूभर हलत नव्हत्या, आणि वर खांबांवरून कोरी करकरीत गाडी, आत कोणीही नसताना, कोणाचाही अडथळा नसताना, निवांत जात होती.

या मार्गिकेच्या डेपोची जागा अभ्यासकांनी विशेष लक्ष देण्यासारखी आहे. डेपो सहसा जेथे माणसे झोपतात त्या टोकाला असावा, म्हणजे सकाळी गाडी आणि माणूस एकाच बाजूने उठून कामाला निघतात. लोणावळ्याला रात्री मुक्काम केलेला रेक पहाटे तेथल्याच माणसांना घेऊन पुण्याकडे निघतो, यात घरच्या बैलाने घरचाच गाडा ओढण्याचा सोपेपणा आहे. माणला मात्र गाडी जेथे झोपते तेथे माणूस काम करतो. सकाळी शिवाजीनगर, बाणेर, बालेवाडी आणि वाकड येथील अभियंते हिंजवडीकडे जाण्यासाठी आतुर असतात, आणि गाड्या तर आधीच हिंजवडीला पोचलेल्या, किंबहुना रात्रभर तेथेच असतात. म्हणजे माणसांना आणण्यासाठी गाडीने आधी शहराकडे धाव घ्यायची, आणि ती धाव जवळजवळ मोकळी, हे ओघाने आले. या मोकळ्या फेऱ्यांत बसण्यासाठी रात्रपाळी संपवून, डोळे चोळत घरी परतणारे तरुण तेवढे उपलब्ध आहेत. नियोजनकारांना हे सुचले होते की नाही, हा वादाचा विषय असला, तरी अमेरिकेत दिवस असताना हिंजवडीत जागणाऱ्या या मंडळींमुळे पहाटेच्या गाडीला प्रवासी मिळतील, एवढे मान्य करावे लागते.

येथे औद्योगिक पट्ट्याच्या एका जुन्या शहाणपणाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. रस्त्यावरच्या वाहतुकीत प्रवाशांविना केलेल्या धावेला डेड किलोमीटर म्हणतात, आणि आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत व शेवटच्या थांब्यापासून आगारापर्यंत बसचे जे मरण होते, त्याची नोंद पीएमपीसारख्या परिवहन संस्थांना रोज ठेवावी लागते. कारखान्यांच्या बसने मात्र हे मरण जवळजवळ जिंकले होते. तीन पाळ्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला आणणारी बस फाटकातून आत येते, तेव्हा रात्रपाळी संपवलेले कामगार डबे हातात घेऊन तिची वाट पाहत असतात. ती एक पाळी उतरवते, दुसरी चढवते, आणि येताना भरलेली असते तशीच जाताना भरलेली असते. दुपारी तेच, रात्री तेच. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को कारखान्याच्या बसवर घड्याळ लावणारी घरे होती, आणि ते घड्याळ एका अर्थाने जगातील सर्वांत काटकसरी वाहतूक व्यवस्थेचे होते. पुढे हिंजवडीने ‘जनरल शिफ्ट’ आणली, म्हणजे सर्वांनी साधारण एकाच वेळी यायचे आणि एकाच वेळी जायचे. त्या दिवसापासून संध्याकाळी सातला हिंजवडीकडे जाणारी प्रत्येक बस, प्रत्येक कॅब मोकळी जाते, आणि त्या मोकळ्या जाण्याचा खर्च भरलेल्या परतीच्या तिकिटात मिळवलेला असतो.

हा हिशेब सर्वांत नेमक्या शब्दांत मांडला आहे तो डांगे चौकातील रिक्षावाल्यांनी. ताथवड्याच्या आतल्या गल्लीत, भुयारी मार्गापलीकडे चला म्हटले, की मीटरच्या वर पैसे मागताना “साहेब, येताना मोकळं यावं लागतं,” हे जे वाक्य ऐकू येते, त्यात रेक, लिंक, डेपो आणि डेड किलोमीटर या सर्वांचे सार आले आहे. अर्थतज्ज्ञांना ग्रंथ लागतात; येथे पाच शब्द पुरले, आणि त्यांतला पहिला तर निव्वळ आदर म्हणून. प्रवाशाला हे वाक्य लबाडीचे वाटते, कारण परतीच्या वाटेवर रिक्षाला दुसरे भाडे मिळणार, याची त्याला खात्री असते. रिक्षावाल्याला मात्र वाकडपर्यंत कोणी हात दाखवणार नाही, याची तितकीच खात्री असते. दोघांच्या खात्रींतील अंतर साधारण तीस रुपये भरते.

रिकाम्या परतीला प्रतिष्ठा दिल्याचे एकच उदाहरण या पट्ट्यात आढळते, आणि ते रेल्वेचे नाही. आषाढी वारीला देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीवरून जाते तेव्हा रस्ता दिसत नाही, इतकी माणसे असतात. पंढरपुरात एकादशी झाली, की बहुतेक मंडळी एसटीने आणि रेल्वेने घर गाठतात. पालखीला मात्र चालतच परतावे लागते. मोजके वारकरी तिच्यासोबत असतात, त्या प्रवासाला परतवारी म्हणतात, आणि ती करणाऱ्याचा मान जाताना चाललेल्यापेक्षा कणभर अधिकच मानला जातो. रेल्वेने ही दृष्टी अद्याप स्वीकारलेली नाही. रिकामा रेक घेऊन रात्री एक वाजता यार्डात शिरणाऱ्या मोटरमनला कोणी टाळ वाजवून सामोरे जात नाही.

तेव्हा आकुर्डी किंवा चिंचवडच्या फलाटावर उभ्या असलेल्या वाचकाला, आपली लोकल यायच्या वेळी दिवे मालवलेली भलतीच लोकल न थांबता जाताना दिसली, तर तिला हात दाखवू नये, तिच्यामागे धावू नये आणि तिच्यात जागा होती याचे वाईट वाटून घेऊ नये. फक्त पिवळ्या पट्टीच्या मागे सरकून उभे राहावे, कारण न थांबणारी गाडी थांबणाऱ्या गाडीपेक्षा फलाटावरून पुष्कळ जोरात जाते.